अक्काचे बुधवार

अक्का गेल्यापासून घरी जो येतो तो काहीतरी घेऊन येतो. कोणी केळी, कोणी बिस्किटाचे पुडे, आणि प्रत्येकजण तिचा एकेक किस्सा. केळी संपतात. किस्से मात्र साचत चाललेत. तारनाक्याचं आमचं घर दोन खोल्यांचं, एवढे ठेवायचे कुठं? म्हणून सांगायला बसलोय. तुम्ही पण बसा, चहा येतोय.

आधी ओळख करून देतो. अक्का म्हणजे विशाखा, माझी मोठी बहीण. इथं हैदराबादला हवामानाच्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होती. आभाळात बलून सोडून ओझोन मोजायची. मी सिद्धू, दहावी दोनदा नापास, त्याच संस्थेच्या कंत्राटी जीपचा ड्रायव्हर. बाबा रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, आता रिटायर आहेत. अक्का अडीच महिन्यांपूर्वी डेंग्यूने गेली, सहा दिवसांत. बत्तीस वर्षांची होती.

त्याबद्दल आत्ता एवढंच. पुढचं बरंचसं हसायचं आहे.

*

मी संस्थेत लागलो त्याच्या आदल्या दिवशी अक्काने घरी बजावलं, "तिथं मी तुझी बहीण नाही. मॅडम म्हणायचं."

मला राग आला. मी म्हणालो, "मग तू पण मला सिद्धू म्हणायचं नाही."

"ठीक आहे, ड्रायव्हरसाहेब."

आणि चार महिने ती मला ड्रायव्हरसाहेबच म्हणत होती. "ड्रायव्हरसाहेब, जरा हळू घ्या." सकाळी त्याच बाईने बाथरूमचं दार बडवून माझा उद्धार केलेला असायचा.

आमच्याकडे लतीफभाई म्हणून टेक्निशियन आहेत. जुन्या शहरात राहतात, तीस वर्षं बलूनमध्ये गॅस भरतात. या माणसाने खरं तर पोलिसात जायला पाहिजे होतं. त्यांनी आमच्या दोघांच्या डब्यांवर पाळत ठेवली. सोमवारी मॅडमकडे शेपू, ड्रायव्हरकडे शेपू. मंगळवारी दोघांकडे बेसन. गुरुवारी दोघांकडे भाकरी आणि खट्टी दाल. शुक्रवारी त्यांनी अक्काला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, बुरा नक्को मानो. ये ड्रायवर आपके घर से सालन चुरा रा."

अक्का म्हणाली, "मालूम है, लतीफभाई. बचपन से चुरा रा."

*

आता तिचं काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो.

आपल्या डोक्यावर पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर ओझोन दाट असतो. तो सूर्याची तिखट किरणं शोषून घेतो आणि तिथली हवा तापवतो. ओझोन कमी-जास्त झाला की ती हवा कमी-जास्त तापते. मग तिथले वारे बदलतात. आणि त्या बदलाचा परिणाम हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी, खाली उतरू शकतो. उद्या पाऊस आहे का, हे सांगायला त्याचा उपयोग नाही. यंदाचा मोसम कसा जाईल, हे सांगायला होऊ शकतो. दक्षिण ध्रुवाकडे हे लोकांनी पाहिलंय. तिथला वरचा ओझोन घटला की तिकडचे वारे सरकतात आणि त्यांच्याबरोबर पाऊसही जागा बदलतो. आपल्याकडे याचा किती फरक पडतो, ते अक्काला शोधायचं होतं.

मोसमाचा अंदाज काढणारं कॉम्प्युटर मॉडेल राव सरांच्या ताब्यात. मोठा माणूस. रोज पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही. त्यांच्या मॉडेलमध्ये ओझोन होता, पण जुन्या सरासरीचा. जानेवारीत इतका, फेब्रुवारीत इतका, दरवर्षी तोच. मी खुर्च्या लावायला मीटिंगच्या खोलीत गेलो होतो, तेव्हा अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुमचा ओझोन रेशनकार्डावरचा आहे. कार्डावर सहा माणसं लिहिलीत. आज घरात जेवायला किती आहेत, ते कोणी विचारतच नाही."

मी खुर्ची हातात घेऊन तसाच उभा.

राव सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मग घरातली माणसं मोजून आण. आठवड्याला एक बलून, तीन वर्षं, एकाच वारी, एकाच वेळी. एकही आठवडा रिकामा जाता कामा नये. गेला तर ती जागा मला सरासरीने भरावी लागेल. मग तुझ्या आकड्यांत आणि माझ्या रेशनकार्डात फरक काय राहिला?"

"आणि एकही नाही चुकला तर?"

"तर तुझा ओझोन माझ्या मॉडेलमध्ये."

बाहेर येईपर्यंत अक्काचं ठरलेलं होतं. बुधवार, साडेअकरा.

मी विचारलं, बुधवारच का? म्हणाली, "सोमवारी गॅसवाला येत नाही. शुक्रवारी लतीफभाईंची नमाज. आणि शनिवारी ड्रायव्हरसाहेब उठत नाहीत."

*

एक स्थळ आलं होतं. मुलगा परभणीचा, बँकेत. त्याला यायला जमत होतं ते बुधवारीच. आईने सांगून पाहिलं, बुधवारी पोरीला काम असतं, गुरुवारी या. मुलाने स्वतः अक्काला फोन लावला. आवाजावरून चांगला वाटत होता. म्हणाला, "एखादा बुधवार सोडला तर नाही का चालणार?"

अक्काने फोन आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "याला सांग, हे मला तीन वर्षांनी विचार."

आईने त्याला तसंच सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. पोराने फोन ठेवला.

*

आईला अक्काचं काम समजवणं हा एक वेगळाच कार्यक्रम होता. आई म्हणायची, "विहारात बायका विचारतात, पोरगी काय करते. मी काय सांगू? फुगे सोडते म्हणून सांगू?"

आमच्या वरच्या मजल्यावर इडलीवाले राहतात. पहाटे त्यांचा ग्राइंडर सुरू झाला की खाली आमची फळी थरथरते, एखादा डबा पडतो. अक्का म्हणाली, "आई, तू वरचा ग्राइंडर कधी बघितलास?"

"मी कशाला बघायला जाऊ?"

"पण डबा पडतो ना? ओझोन म्हणजे आपला वरचा मजला. तिथं काय चाललंय ते मी मोजते, म्हणजे खाली डबा कधी पडेल ते आधी सांगता येईल. आणि आई, ग्राइंडर लागला म्हणजे दरवेळी डबा पडतोच असं नाही. ते पण मोजायचंय."

आईने नीट ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

पुढे एकदा राव सर आमच्याकडे चहाला आले होते. संध्याकाळची वेळ, वर कुठलीतरी मोठी ऑर्डर असणार. ग्राइंडर सुरू झाला आणि पोह्यांचा डबा फळीवरून सुटून नेमका सरांच्या पायाशी पडला. आई आतून आली, कमरेवर हात ठेवून आपल्या हिंदीत म्हणाली, "सर, ये डब्बा आपके मॉडेल को मालूम था क्या?"

राव सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोहे त्यांनी स्वतः भरून दिले.

*

बलूनच्या खाली दोरीला एक थर्मोकोलची पेटी असते, जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठी. आत दोन छोटे कप, त्यात औषधाचं पाणी, आणि एक बारका पंप. पंप बाहेरची हवा त्या पाण्यात सोडतो. हवेत ओझोन असला की पाण्यात जराशी वीज तयार होते. जितका ओझोन तितकी वीज. ती मोजायची. बस, एवढंच यंत्र. पण ते नव्या नवरीसारखं सांभाळावं लागतं.

एका सोमवारी बुधवारची पेटी तपासताना आकडा चढा यायला लागला. खोलीत बसल्या बसल्या इतका ओझोन कुठून आला? अक्काने पंप बदलला. नळी बदलली. पाणी नवीन केलं. आकडा तसाच. मधेच एकदम खाली यायचा, पुन्हा चढायचा. मंगळवारी दुपारपर्यंत तिने तीन पेट्या उघडल्या. लतीफभाईंनी खोलीचे चारही कोपरे बघितले आणि निकाल दिला, "मॅडम, जिन्न है."

मी लायसन्सची कॉपी काढायला बाहेर आलो. ऑफिसच्या खोलीत प्लग कमी पडला म्हणून नवीन झेरॉक्स मशीन कॉरिडॉरमध्ये ठेवलेलं, बरोबर आमच्या दाराशी. मशीन तापलेलं आणि त्याला एक कच्चा वास. तोच वास अक्काच्या पेट्यांना यायचा, ती तपासायला त्यांना ओझोन पाजायची तेव्हा. मी तिथूनच हाक मारली, "अक्का!" चार महिन्यांचं गुपित तसंही डब्यांनी फोडलेलं होतं.

ती पेटी घेऊन बाहेर आली. मशीन चालू, आकडा वर. मशीन बंद, आकडा खाली. झेरॉक्स मशीन स्वतःच थोडा ओझोन तयार करतं, हे तिला पुस्तकात माहीत होतं, दारात माहीत नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं नाक तरी पास आहे."

लगेच बसून तिने अर्ज लिहिला. मशीन आमच्या दारातून हलवावं, त्यातून ओझोन निघतो, मोजमाप बिघडतं, उद्या बुधवार आहे, तातडीचं आहे.

ऑफिसच्या साहेबांनी पूर्ण वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "बरोबर आहे. याच्या दोन झेरॉक्स जोडा."

*

आता माझा किस्सा. हा लतीफभाई सगळ्यांना सांगतात, तेव्हा मीच आधी सांगतो.

बलून सोडायची एक पद्धत असते. वर बलून, त्याखाली छोटं पॅराशूट, मग लांब दोर, मग पेटी. लतीफभाई बलूनची मान धरतात, मी दोर धरतो, अक्का पेटी बांधते, आणि "छोडो" म्हणायचा अधिकार फक्त तिचा. जमिनीवर बलून रिक्षाएवढा असतो. वर जाऊन फुगत फुगत घराएवढा होतो आणि फुटतो. तोवर दोन तास खाली आकडे येत राहतात.

त्या दिवशी वारा होता. बलून हिसके देत होता, लतीफभाई घामाघूम. वाऱ्याची एक झुळूक आली आणि मला वाटलं आता सोडलं नाही तर फाटेल. मी सोडला. कोणाला विचारलं नाही. तो हिसका बघून लतीफभाईंनीही मान सोडली.

बलून सरळ वर गेला. पेटी अक्काच्या हातात.

तिघंही वर बघत उभे. मग लतीफभाई म्हणाले, "मॅडम, माशाल्ला, क्या हल्का गया."

अक्का माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "लतीफभाई, दुसरा भरो." तिने एक जास्तीचा बलून नेहमी ठेवलेला असायचा. तो गेला, बुधवार वाचला. वहीत तिने लिहिलं, पहिला बलून ड्रायव्हरच्या घाईमुळे पेटीशिवाय गेला. मी म्हणालो, हे कशाला? म्हणाली, "जे झालं ते लिहायचं असतं." मग पेटी माझ्यासमोर ठेवली. "पुढच्या बुधवारपासून ही तू भरायची."

"अक्का, मी दहावी नापास आहे."

"ते पेटीला माहीत नाही."

त्यानंतर वर्षभर ती माझ्या मागे उभी राहून बघायची. सिरिंजने पाणी मोजून घाल. दहा मिनिटं स्वच्छ हवा, दहा मिनिटं ओझोन, परत दहा मिनिटं स्वच्छ हवा. आकडा लिही. बोट लावू नको. फुंकर मारू नको. शाब्बास कधी म्हणाली नाही. एका बुधवारी मात्र तिने माझी पेटी झाकण न उघडताच नेऊन दोराला बांधली. त्या दिवशी मी जीप फार जोरात चालवली.

*

संक्रांत बुधवारी आली. हैदराबादला संक्रांत म्हणजे आभाळ दिसत नाही, नुसते पतंग. संस्थेच्या मागे वस्ती आहे, तिथल्या गच्च्यांवर तर लढाई असते. लतीफभाई तरुणपणी पतंगातले मोठे खेळाडू, त्यांना मांजा काय चीज आहे ते माहीत. म्हणाले, "मॅडम, कल आसमान में तलवारां हैं. अपना दोर गया समझो."

मंगळवारी अक्का त्या वस्तीतली एकेक गच्ची चढली. मी मागे. तेलुगूत, उर्दूत, जिथं जे चालेल त्यात सांगत होती, उद्या साडेअकराला फक्त दहा मिनिटं पतंग खाली घ्या. लोक हसत होते, तिळाचे लाडू देत होते, हो म्हणत होते. एक म्हातारे चाचा मात्र ऐकेनात. मोठी चरखी मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "बेटी, उड़ती पतंग उतारना बेइज्जती है. साठ साल में नहीं उतारा."

अक्का म्हणाली, "चाचा, उतारो नक्को. सलाम करो, फिर उड़ाओ."

बुधवारी साडेअकराला मी वर बघितलं आणि आभाळ निळं होतं. एकसुद्धा पतंग नाही. चाचांचाही नाही. अक्का "छोडो" म्हणाली. बलून वर गेला. सगळ्या गच्च्यांवर माणसं उभी, हातात दोर गुंडाळलेले, माना वर. असा गप्प मोहल्ला मी तरी पाहिलेला नाही.

मग चाचांनी त्यांच्या गच्चीवरून ओरडून विचारलं, "बेटी, इसको काटेगा कौन?"

अक्का ओरडली, "इसका पेच ऊपरवाले से है, चाचा!"

*

दोन वर्षांचे आकडे जमल्यावर राव सरांनी महिनाभर एक चाचणी घेतली. मागच्या दोन मोसमांचे अंदाज त्यांनी पुन्हा काढले, एकदा रेशनकार्डावरचा ओझोन घालून, एकदा अक्काचा. दोन्हींची प्रत्यक्ष पावसाशी तुलना केली. अक्काचा ओझोन घातल्यावर अंदाज बिघडला. थोडा नाही, सपशेल बिघडला.

अक्का तीन दिवस नीट जेवली नाही. आई माझ्यावर खेकसत होती, जसं काही मीच बिघडवलं. चौथ्या दिवशी अक्का राव सरांच्या खोलीत जाऊन बसली. म्हणाली, मला तुमची फाईल ओळ-ओळ बघायची आहे. सरांनी आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः स्टुलावर बसले.

दुपारी तिला सापडलं. बलून खालून वर जातो, म्हणून तिच्या फाईलमध्ये पहिली ओळ जमिनीची आणि शेवटची आभाळाची. सरांचं मॉडेल वाचतं वरून खाली. त्याने जमिनीची ओळ आभाळाला लावली आणि आभाळाची जमिनीला.

अक्का म्हणाली, "सर, गेला महिनाभर तुमच्या मॉडेलमध्ये ओझोनचा थर तारनाक्याच्या रस्त्यावर पसरलाय."

राव सर उठले. त्याच दिवशी चारच्या मीटिंगमध्ये, ज्यांच्या ज्यांच्यासमोर तिचे आकडे चुकीचे म्हटले गेले होते त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "विशाखाचे आकडे बरोबर आहेत. फाईल मी उलटी वाचली." एवढ्या मोठ्या माणसाला हे वाक्य बोलताना मी पाहिलंय. नंतर फाईल सरळ लावली, अंदाज पुन्हा काढला. थोडा सुधारला. थोडाच. सर म्हणाले, दोन वर्षांवरून काही ठरत नाही, तिसरं पूर्ण कर. अक्का म्हणाली, तेच तर करतेय.

लतीफभाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, गॅसचा पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "दो साल से मैं नीचे से ऊपर भेज रा, और सर ऊपर से नीचे पढ़ रै. बोलते तो सही, मियाँ, मैं उलटा भर देता था."

*

आता शेवटचा. हा मी अजून कोणाला पूर्ण सांगितलेला नाही.

तिसऱ्या वर्षातले सात बुधवार राहिले होते. गुरुवारी अक्काला ताप आला. शुक्रवारी ती तशीच ऑफिसला गेली, पुढच्या बुधवारच्या पेटीची पहिली तयारी करून ती कपाटात ठेवली. शनिवारी दवाखान्यात. रविवारी मला म्हणाली, "पेटी दुसऱ्या खणात आहे." सोमवारी फारसं बोलली नाही. मंगळवारी दुपारी गेली. मी एका वॉर्डबॉयची कॉलर धरली. त्याची काहीही चूक नव्हती. लतीफभाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

बुधवारी सकाळी ती घरी होती, पांढऱ्या चादरीत. नांदेडहून मामा आले, मावश्या आल्या. भंतेजी आले. बारा वाजता न्यायचं ठरलं. लतीफभाई सकाळीच येऊन, तिला बघून लगेच निघून गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. बाबा तिच्या उशाशी खुर्चीवर बसले होते, कालपासून तसेच. सव्वादहाच्या सुमाराला त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग तू इथं काय करतोस?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी एवढ्या लोकांत ओरडलो, "बाबा, आज?"

"मग कधी? उद्या गुरुवार आहे."

मामा मधे पडले. "दाजी, काय बोलता? सख्खा भाऊ मयत सोडून जाणार? लोक काय म्हणतील?"

बाबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सिद्धू, निघ. तू आल्याशिवाय तिला उचलणार नाही."

वाटेत विद्यानगरचे दोन्ही सिग्नल मी तोडले. संस्थेच्या मैदानात पोचलो तर लतीफभाई गॅसची नळी जोडत होते. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "अंदर जाओ. सर अकेले हैं."

आत राव सर. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, एका हातात इंग्रजी पुस्तक, दुसऱ्यात सिरिंज. मला बघून दचकले. म्हणाले, "बाबू, तू कशाला आलास? अट माझी होती. मी करतो."

"सर, तुम्ही शेवटची पेटी कधी भरली होती?"

"तीस वर्षं झाली." आणि पुस्तकातून मोठ्याने वाचायला लागले.

मी म्हणालो, "सर, वाचू नका. मला पाठ आहे."

सिरिंज मी घेतली. पाणी घातलं. सरांना घड्याळ बघायला सांगितलं, दहा मिनिटं झाली की सांगा. पहिली दहा त्यांनी सांगितली. दुसरी दहा सांगितली. तिसऱ्या वेळी मी वाट बघत बसलो, आवाजच येईना. वळून बघितलं तर सर भिंतीकडे तोंड करून उभे होते, घड्याळ बांधलेला हात खाली लोंबत होता. मी हाक मारली नाही. पेटीतला पंप चालू होता, तो ऐकत बसलो. त्यांनी रुमाल काढला, खिशात ठेवला, मग म्हणाले, "झाली बाबू. केव्हाच झाली."

मैदानात लतीफभाईंनी मान धरली, मी दोर धरला. पेटी मीच बांधली, दोनदा ओढून बघितली. वारा अजिबात नव्हता. तिघं धरून उभे राहिलो आणि कोणीच काही म्हणेना. मी सोडला नाही. मग राव सर खालच्या आवाजात म्हणाले, "छोडो."

घरी पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. गल्लीतले लोक बाजूला झाले. मामांनी तोंड फिरवलं. बाबा त्याच खुर्चीवर होते.

"किती वाजता सुटला?"

"अकरा चाळीस."

बाबांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"दहा मिनिटं लेट," म्हणाले, आणि तिला खांदा द्यायला उठले.